हॉस्पिसमध्ये पेशंटला नेमकं कधी ठेवतात? बाबांसाठी विचारतेय

भांडुपवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण वाचा प्लीज. घरात कोणाशी बोलायची सोय राहिली नाहीये.

माझ्या बाबांना तोंडाचा कॅन्सर आहे, वय ७१. डावा गाल आणि जबडा. मिलमध्ये होते तेव्हापासून तंबाखू होतीच, संप झाल्यावर वॉचमनची नोकरी धरली तेव्हा रात्र काढायला अजून वाढली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, मधे चांगले होते, गणपतीला मखरसुद्धा स्वतः बांधलं. आता परत आलाय. गालाला बाहेरून जखम झालीये आणि मानेत मोठी गाठ आहे. परळला डॉक्टरांनी भावाला आत बोलावून सांगितलं की आता केमो देऊन फायदा नाही, त्रासच जास्त होईल, पॅलिएटिव्हच्या ओपीडीला दाखवा (म्हणजे आजार बरा होत नसला तरी दुखणं, त्रास कमी करणारी ट्रीटमेंट) आणि घरी जमत नसेल तर हॉस्पिसचं बघा, म्हणजे अशा पेशंटना ठेवून त्यांचा त्रास सांभाळतात ती जागा.

माहेर काळाचौकीला, चाळीत. दहा बाय बाराची खोली आणि वर माळा, संडास गॅलरीच्या टोकाला. त्यात बाबा, आई (तिचे गुडघे गेलेत), भाऊ, वहिनी आणि दहावीतली भाची. मी आठवड्यातून दोनतीनदा जाते पण माझंही घर आहे, सासरे आहेत. सगळं वहिनीवर पडलंय. नाकातल्या नळीतून पेज आणि दूध घालणं, ड्रेसिंग, तोंड साफ करणं, सगळं ती करते आणि तोंडातून ब्र काढत नाही. रात्री बाबा विव्हळतात त्यामुळे कोणीच झोपत नाही. आणि वास. लिहायला कसंतरी होतंय, पण जखमेचा वास इतका येतो की भाची शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला बसते, आणि बाबांना ते कळतं, ते भिंतीकडे तोंड करून झोपतात.

भावाने हॉस्पिसचा विषय काढला तर आत्या फोनवर रडायला लागली, म्हणाली दोन पोरं असून माझ्या भावाला मरायला बाहेर टाकताय. आई गप्प बसली. वहिनी मोरीत जाऊन रडली.

मला सांगा, तिथे कधी नेतात, अगदी शेवटचे दिवस राहिले तेव्हाच का? एकदा गेलं की माणूस परत घरी येतच नाही का? पैसे किती लागतात, आम्हाला तिथे थांबता येतं का? आणि मॉर्फिन देतात म्हणे, दुखण्यावरचं कडक औषध, त्याने माणूस लवकर जातो असं आत्याच्या मुलाने कुठेतरी वाचलंय. ज्यांनी स्वतः अनुभवलंय त्यांनी लिहा.

---

माहीमची

ताई, आधी वहिनीला माझा नमस्कार सांगा. खरंच.

आमच्या आईला ब्रेस्टचा होता, हाडांत पसरलेला. आम्ही तिला हॉस्पिसमध्ये पहिल्यांदा नेलं तेव्हा शेवट वगैरे काही जवळ नव्हता, नेलं कारण कमरेचं दुखणं कशानेच थांबेना. पाणी प्यायला कुशीवर वळायचं म्हटलं तरी ओरडायची. तिथे पहिल्या दिवशी सिस्टर कॉटवर तिच्या बाजूला बसली, हात हातात घेतला आणि विचारलं, मावशी, दहापैकी किती दुखतंय, आणि आई जे म्हणाली ते कागदावर लिहिलं. चार तासांनी परत विचारलं, परत लिहिलं. रात्रीसुद्धा. त्या आकड्यांवरून डोस थोडा थोडा वाढवत नेला. हॉस्पिटलमध्ये आम्ही इतके दिवस काढले पण तिथे दुखण्याबद्दल राउंडच्या वेळी एकदाच विचारायचे आणि आई बिचारी डॉक्टरांसमोर बरं आहे म्हणायची, मोठ्या माणसांसमोर तक्रार कशी करायची म्हणून.

दुखणं आटोक्यात आलं आणि आई घरी आली. हो, घरी आली. त्या दिवाळीला कॉटवर बसून करंज्यांना मुरड घालत होती. नंतर श्वास लागायला लागला तेव्हा परत नेलं आणि त्या वेळेस ती तिथेच गेली, आम्ही सगळे जवळ होतो. म्हणून तुमच्या "परत येतच नाही का" ला माझं उत्तर आहे, येतात. सगळेच नाही येत, पण पुष्कळ येतात.

पैशाचं म्हणाल तर बांद्र्याला माऊंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस तेच. डॉक्टर एल. जे. डिसूझा म्हणून कॅन्सरचे सर्जन, त्यांनी सुरू केलं, नन्स सेवा करतात आणि पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जातधर्म काही बघत नाहीत. दिल्लीला आणि गोव्यालाही त्यांचं आहे. कॅन्सर पुढे गेलाय आणि बरं होण्याची ट्रीटमेंट आता उपयोगाची नाही, असेच पेशंट तिथे घेतात, म्हणजे तुमच्या बाबांसारखेच.

आत्याला एकदा घेऊन जा बरोबर. फोनवरून समजावून काही होणार नाही, डोळ्यांनी बघू दे.

---

सिस्टर_शिवडी

मी बरीच वर्षं पॅलिएटिव्हमध्येच नर्स आहे, वॉर्डमध्येही केलंय आणि आता घरोघर जाते, काळाचौकी-लालबाग-शिवडी हा माझा रोजचाच पट्टा. चाळीतल्या खोलीत हे सगळं कसं करतात ते मी रोज बघते, त्यामुळे तुमचं घर न बघताही डोळ्यासमोर आलं.

कधी नेतात हे विचारलंत. किती दिवस उरलेत यापेक्षा त्रास काय आहे आणि तो घरी झेपतोय का यावर ते ठरतं. दुखणं तोंडाने दिलेल्या औषधाने आटोक्यात येत नाहीये, उलट्या थांबत नाहीत, दम लागतोय, रात्री माणूस भ्रमात जाऊन नळ्या ओढतोय, जखमेतून रक्त येतंय, अशा वेळी काही दिवस आत ठेवून औषध बसवतात आणि बसलं की घरी पाठवतात. दुसरं कारण म्हणजे सांभाळणारं माणूस. सांभाळणारी आजारी पडली, तिला ताप आला, घरात लग्न आहे, मुलीची बोर्डाची परीक्षा आहे किंवा ती नुसती थकली आहे, तरी चार-आठ दिवस पेशंटला ठेवून घरच्यांना श्वास घेऊ द्यायची पद्धत जगभर आहे आणि त्यात लाजायचं काही नाही. जागा असेल तर आपल्याकडेही करतात, मोकळेपणाने विचारा. तिसरं, ज्यांना घरच नाही किंवा घरी कोणीच नाही. आणि मग शेवटचे दिवस, ते तर आहेतच, पण लोक फक्त त्याच्यासाठी थांबून राहतात आणि मग पेशंट इतक्या उशिरा येतो की आम्हाला त्याच्यासाठी काही करायला दोन दिवससुद्धा मिळत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. दुखणं दोन महिने आधी थांबवता आलं असतं हे त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत असतं.

आता तुमच्या बाबांबद्दल, कारण हॉस्पिसमध्ये बेड मिळेपर्यंतसुद्धा आजपासून करण्यासारखं खूप आहे.

वासाचं आधी. जखमेत हवेशिवाय वाढणारे जंतू असतात, वास त्यांचा असतो, अस्वच्छतेचा नाही, हे वहिनींना मुद्दाम सांगा कारण बायका स्वतःला दोष देत बसतात. मेट्रोनिडाझोलची गोळी एकदम बारीक कुटून ती पावडर जखमेवर भुरभुरवायची, डॉक्टरांना विचारून सुरू करा, दोनतीन दिवसांत फरक कळतो. ड्रेसिंग काढताना कोरडं ओढायचं नाही, सलाइनच्या पाण्याने पूर्ण भिजवायचं, थांबायचं, मग आपोआप सुटून येतं. कोरडं ओढलं की रक्त येतं आणि जीव जातो दुखून. आणि दुखण्याचं औषध ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी द्यायचं, नंतर देऊन काय उपयोग. जखम उघडी ठेवू नका, गॅलरीत गटार असेल तर माश्या येतात आणि अळ्या पडतात. पडल्या तरी घाबरू नका, ओपीडीत या, टर्पेंटाइन लावून काढता येतात.

मानेत गाठ म्हणालात म्हणून एक गोष्ट लिहितेय, घाबरवायला नाही. मानेतून मोठी रक्तवाहिनी जाते आणि कधीकधी गाठ तिला लागते, मग अचानक खूप रक्त येऊ शकतं. प्रत्येकाला होतं असं नाही. पण घरात गडद लाल किंवा गडद निळे जुने टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या कपड्यावर रक्त फार दिसतं, पेशंट घाबरतो, पोरं घाबरतात. अशा वेळी काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. हा धोका जास्त वाटला तर मी स्वतः घरच्यांना हॉस्पिसचं सुचवते, कारण तिथे गुंगीचं इंजेक्शन तयार असतं आणि दहावीतल्या मुलीने ते बघू नये असं मला वाटतं.

मॉर्फिन. हे नीट वाचा आणि आत्याच्या मुलालाही दाखवा. दुखण्यासाठी, हिशोबाने, थोडं थोडं वाढवत दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. व्यसनही सहसा लागत नाही, दुखणं कमी झालं तर आम्ही डोस कमीसुद्धा करतो. साधी गोळी दर चार तासांनी असते, घड्याळाप्रमाणे, दुखायला लागायची वाट बघायची नाही. सुरुवातीला झोप येते, मळमळतं, ते तीनचार दिवसांत जातं. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत पाहिजेच. बाबांना नळी आहे म्हणून सांगते, साधी गोळी कुटून पाण्यातून नळीने चालते पण हळूहळू सुटणारी मोठी गोळी असेल तर ती कधीही कुटायची नाही, सगळा डोस एकदम जातो. आणि बाबांना जबड्यातून कानात करंट मारल्यासारखं होत असेल तर ते नसांचं दुखणं, त्याला वेगळी गोळी असते, ते मुद्दाम सांगा.

साध्या केमिस्टकडे मॉर्फिन मिळणार नाही, भाऊ उगाच लालबाग-परेल पालथं घालेल. १९८५ चा नार्कोटिक्सचा कायदा इतका कडक होता की लायसन्सच्या भानगडीत कोणी औषध ठेवेचना, २०१४ मध्ये कायदा बदलला तेव्हा थोडं सोपं झालं, पण अजूनही मान्यता असलेल्या हॉस्पिटल किंवा हॉस्पिसमधूनच मिळतं. म्हणून पॅलिएटिव्हच्या ओपीडीला या आठवड्यातच जा.

---

गिरगाव_कट्टा

वरच्या दोघींनी चांगलंच लिहिलंय, पण मी थोडं वेगळं सांगणार. हॉस्पिस वाईट आहे असं नाही, पण ज्याचा आजार आहे त्याला कोणी विचारलं का? ताईंच्या पूर्ण पोस्टमध्ये बाबांना काय पाहिजे हे कुठेच नाही.

माझे वडील शेवटपर्यंत खोलीतच होते, आमचीही चाळ, तिसरा मजला. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, मला इथून हलवू नका, मला खालचे आवाज ऐकू आले पाहिजेत. पाणी आलं की बायकांची गडबड, सकाळी पेपरवाला, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. मग आम्ही सगळं घरी उभं केलं. होमकेअरवाले येत होते. टाटा हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह डिपार्टमेंटची टीम घरी येते, आणि पालकेअर म्हणून जिमी बिलिमोरिया फाउंडेशनचं आहे, डॉक्टर, नर्स, काउन्सेलर घरी येतात आणि पैसे घेत नाहीत. त्यांनी बायकोला आणि मला इंजेक्शन द्यायला शिकवलं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते शिकवलं, हवेची गादी आणायला सांगितली. बाजूच्या बिऱ्हाडातली मुलं आळीपाळीने रात्री बसायची. चाळीत हे होतं, ब्लॉकमध्ये झालं नसतं.

पण घरी ठेवायचं असेल तर एक व्यवस्था आधीच करा, हे कोणी सांगत नाही. घरी माणूस गेला की मृत्यूचा दाखला डॉक्टरने द्यावा लागतो, घरच्या मृत्यूसाठी फॉर्म ४ अ असतो, त्याशिवाय स्मशानात अडतं. ज्या डॉक्टरने पेशंटला बघितलेलंच नाही तो कसा देईल? मग रात्री दोन वाजता धावाधाव आणि काही ठिकाणी पोलिसांपर्यंत जातं. फॅमिली डॉक्टरला आत्तापासून घरी येऊन बघायला सांगा, फाइल दाखवा, असं काही झालं तर याल का हे तोंडावर विचारून घ्या. आमचे डॉक्टर पहाटे लेंगा-शर्टावर आले होते. ते उपकार मी विसरणार नाही.

---

सिस्टर_शिवडी

गिरगावकर दादा, शंभर टक्के पटलं. घरी जमत असेल तर घर सगळ्यात चांगलं, आम्ही होमकेअरवाले त्यासाठीच मरमर करतो. माझं म्हणणं फक्त इतकंच की घर की हॉस्पिस हा एकदाच करायचा निर्णय नाही. मधे काही दिवस आत, परत घरी, परत आत, असं होऊ शकतं आणि तसंच असावं. आणि तुमच्याकडे रात्री बसायला मुलं होती, ताईंच्या वहिनीला कोणी नाहीये.

---

परदेशस्थ_पण_दादरकर

मी न्यू जर्सीला असतो, सासूबाईंच्या वेळेस इथलं बघितलं म्हणून दोन ओळी. इथे सरकारी विमा मेडिकेअर हॉस्पिसचा खर्च देतो, दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं की आजार आपल्या गतीने गेला तर सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्य उरलंय. पण बहुतेक लोक राहतात घरीच, नर्स घरी येते. आत ठेवतात ते दुखणं हाताबाहेर गेलं तर थोडे दिवस, नाहीतर घरच्यांना विश्रांती म्हणून एका वेळी जास्तीत जास्त पाच दिवस. सहा महिने उलटून माणूस जिवंत असेल तर काढून टाकत नाहीत, परत तपासून वाढवतात. आणि तब्येत सुधारली तर बाहेर पडून परत ट्रीटमेंटही घेता येते. भारतात असा सहा महिन्यांचा कागद लागत नाही, त्यामुळे तिथले आकडे इंटरनेटवर वाचून घाबरू नका.

---

भांडुपवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार. रात्री भावाला आणि वहिनीला सगळं वाचून दाखवलं. वासाचं वाचल्यावर वहिनी पहिल्यांदा बोलली, म्हणाली मला वाटत होतं मी नीट साफ करत नाहीये. आजपासून पावडर सुरू केलीये, फॅमिली डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते हो म्हणाले.

गिरगावकर दादा, तुम्ही म्हणालात ते लागलं मनाला. बाबांना कोणी विचारलं नाही हे खरंय. त्यांना किती माहिती आहे हेच आम्हाला माहिती नाही. भाऊ म्हणतो सांगायचं नाही, खचतील. बोलता येत नाही त्यांना फारसं, पाटीवर लिहितात, भाचीची जुनी पाटी आहे. तुम्ही लोकांनी कसं सांगितलं?

अजून एक, आई विचारत होती की तिथे उपाशी तर ठेवत नाहीत ना. कोणीतरी तिला सांगितलंय की हॉस्पिसमध्ये सलाइन लावत नाहीत आणि खायला देत नाहीत म्हणून.

---

माहीमची

आम्ही आईला सांगितलं नाही, तिने आम्हाला विचारलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शिकवलं होतं की सांगायच्या आधी विचारा, तुम्हाला काय वाटतंय आजाराचं, आणि अजून जाणून घ्यायचंय का. मी तसं विचारलं तर आई म्हणाली, अगं मला कधीचं कळलंय, तुम्हीच नाटक करताय म्हणून मीपण गप्प होते. मग तिने बांगड्या कोणाला, पोस्टातले पैसे कुठल्या पुस्तकात, सगळं सांगून टाकलं, आणि मामाला बोलावून घ्या म्हणाली, ज्याच्याशी दहा वर्षं बोलत नव्हती. मामा आला. हे झालं नसतं तर मला आयुष्यभर टोचलं असतं.

पाटी आहे ना, मग खूप आहे. भावाला म्हणावं तू नको बोलू, मुलीला आणि आईला बाहेर पाठव आणि ताई तुम्ही बसा. घाई करू नका, त्यांना लिहायला वेळ द्या.

---

सिस्टर_शिवडी

उपाशी कोणी ठेवत नाही. नळी चालू असेल तर नळीतून देणं चालू राहतं, तोंडाने जाईल ते देतात. पण शेवटच्या आठवड्यांत शरीरालाच अन्न नको होतं, भूक मरते, आणि तेव्हा जबरदस्तीने घातलं तर पोट फुगतं, उलटी होते, ते फुफ्फुसात जातं. सलाइनचंही तसंच, शरीर पाणी बाहेर टाकत नसेल तर हातापायाला सूज येते आणि छातीत घरघर वाढते. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नाही, तो जायला लागलाय म्हणून खाणं थांबतं. आईंना हे समजायला कठीण आहे, पन्नास वर्षं त्यांनी बाबांना वाढलंय. त्यांना काम द्या. ओल्या कापसाने ओठ पुसणं, तोंडात चमच्याने दोन थेंब पाणी, ओठांना साजूक तूप, पायाला तेल. हे आईंनी करावं, बाबांना बरं वाटेल आणि आईंनाही.

आणि पॅलिएटिव्ह सुरू केलं म्हणजे दिवस कमी झाले हा समज तर काढूनच टाका. २०१० मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर अभ्यास झाला होता. नेहमीच्या ट्रीटमेंटबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह मिळालेले लोक मध्यकाच्या हिशोबाने (निम्मे याहून जास्त, निम्मे कमी) ११.६ महिने जगले आणि फक्त नेहमीची ट्रीटमेंट घेतलेले ८.९ महिने, आणि पहिल्या गटाला शेवटी जड ट्रीटमेंटचा त्रासही कमी झाला. आजार वेगळा आहे, त्यामुळे तेच आकडे बाबांना लावू नका. पण याने माणूस लवकर जातो असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

---

ठाण्याचा_मुलगा

मधेच विचारतोय, माफ करा. माझ्या आईला कॅन्सर नाही, मोटर न्यूरॉनचा आजार आहे (नसा निकामी होऊन स्नायू हळूहळू दुबळे होतात), आता गिळायला त्रास होतोय. कॅन्सर नसलेल्यांना कोणी घेतं का? सगळीकडे कॅन्सर पेशंट आहे का हाच पहिला प्रश्न.

---

सिस्टर_शिवडी

दादा, हे दुःख खरं आहे, आपल्याकडे ही सोय कॅन्सरभोवतीच वाढली आणि किडनी, हृदय, फुफ्फुस, पार्किन्सन, मोटर न्यूरॉन यांच्या पेशंटना तितकीच गरज असून जागा कमी आहेत. महालक्ष्मीला सुकून निलय आहे, तिथे चौकशी करा, कॅन्सरशिवायचेही पेशंट बघतात. आणि आईंचा आवाज आणि हात चालतायत तोवर त्यांना व्हेंटिलेटर हवाय का, पोटात नळी हवीये का, हे विचारून लिहून ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येतं. तुमच्या आजारात हे फार लवकर करावं लागतं. वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहीन, इथे ताईंचं हरवायला नको.

---

गिरगाव_कट्टा

ताई, आत्याबद्दल एक सुचवू का. आमच्याकडेही एक काका होते, रोज फोनवर सल्ले. वडील म्हणाले त्याला एक रात्र माझ्याजवळ झोपायला बोलवा. काका आले, रात्रभर बसले, सकाळी जाताना बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि नंतर एक शब्द बोलले नाहीत, उलट दर रविवारी येऊन बसायला लागले. आत्याला रागावू नका, भाऊ आहे तिचा. तिला एक रात्र बोलवा आणि वहिनीला त्या रात्री माहेरी नाहीतर तुमच्याकडे झोपायला पाठवा.

---

भांडुपवाली

बोलले मी बाबांशी.

आई आणि भाची देवळात गेल्या होत्या. मी विचारलं बाबा तुम्हाला काय वाटतं आजाराचं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "माहीत आहे." मग पुसून लिहिलं, "दुखणं थांबव." मग बराच वेळ खडू हातात धरून बसले आणि लिहिलं, "सूनबाईला झोपू द्या."

मी हॉस्पिसचं सांगितलं. काय असतं, दुखणं थांबवतात, बरं वाटलं तर घरी आणू, नाही वाटलं तर आम्ही तिथे असू. त्यांनी विचारलं पैसे? मी म्हटलं घेत नाहीत. मग त्यांनी लिहिलं की परीक्षा होईपर्यंत तिथे ठेवा. नातीची. मी हो म्हटलं.

आत्या शनिवारी राहायला येतेय. भावाने गुरुवारी पॅलिएटिव्ह ओपीडीला जायचं ठरवलंय. सिस्टरताई, सोबत काय काय न्यायचं तेवढं सांगा, आणि बाबांना घेऊन जायलाच पाहिजे का? तीन जिने उतरवायचे म्हणजे हाल आहेत.

---

सिस्टर_शिवडी

बाबांना पहिल्या खेपेला आणलं नाही तरी बोलणं होतं, पण मॉर्फिन सुरू करायला डॉक्टर बघू म्हणतील, म्हणून सकाळीच फोन करून विचारा. न्यायचं झालं तर खुर्चीवर बसवून चौघांनी उतरवा, मंडळाची पोरं येतील, आणि निघायच्या अर्धा तास आधी आता जी दुखण्याची गोळी चालू आहे ती द्या. नाही जमलं तर जखमेचे फोटो आणि नळी, मान, गाल यांचा मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ काढून न्या.

फाइल पूर्ण न्या, बायॉप्सीचा रिपोर्ट आणि शेवटचं स्कॅन वर ठेवा, आणि डॉक्टरांनी केमोचा फायदा नाही असं सांगितलं ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, हॉस्पिसवाले तो कागद पहिला मागतात. बाबांचं आणि भावाचं आधार, रेशन कार्ड, झेरॉक्स. चालू गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पिशवीत घाला, नावं पाठ करू नका. कागदावर दोन दिवसांचं लिहा, किती वाजता दुखलं, दहापैकी किती, किती वेळ झोपले, पोट कधी साफ झालं. हे भाचीला लिहायला सांगू नका, भावाने लिहावं.

ओपीडीत असलेल्या सोशल वर्करना भेटल्याशिवाय निघू नका, हॉस्पिसला फोन त्याच लावून देतात, बेड आहे का तेही कळतं. बेड लगेच नसेल तर तोपर्यंत होमकेअरमध्ये नाव घाला, दोन्ही एकदम करता येतं. आणि तिथे रात्री थांबता येतं का, कोणी किती वाजता यायचं, हे प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं, वहिनी आणि आई दोघींसाठी विचारून घ्या.

गुरुवारी काय झालं ते लिहा.

---

माहीमची

आणि पाटी न्या बरोबर. दोन खडू जास्तीचे.

---

भांडुपवाली

सगळं लिहून घेतलं. मंडळाच्या दोघांना सांगून ठेवलंय, खुर्ची खालच्या काकांकडून मिळतेय. गुरुवारी रात्री लिहिते.